वाय७९ पेशी, करक्युमिन आणि टोपोटेकन: सीआय ०.२१ आलाय, धरू का?

खिंडीतली_पेशी

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, सबमिशनला सहा आठवडे. विषय: रेटिनोब्लास्टोमाच्या (लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग) वाय७९ पेशींवर करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) आणि केमोची औषधं (टोपोटेकन, कार्बोप्लॅटिन) एकत्र देऊन बघणं. सेटअप आधीच देते, म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.

मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण) आरपीएमआय १६४०, त्यात २०% एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम). ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, वेलमागे ५,००० पेशी, २०० मायक्रोलिटर. करक्युमिनची पावडर '९५%' लिहिलेली, डीएमएसओमध्ये (एक द्रावक) १० मिलिमोलर स्टॉक. टोपोटेकन पाण्यात, फ्रिजमध्ये. कार्बोप्लॅटिन डीएमएसओमध्ये २० मिलिमोलर. ४८ तास औषध, मग ४ तास एमटीटी (जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात), प्लेट सेंट्रिफ्यूज, वरचं मीडियम ओढून काढायचं, डीएमएसओ घालायचं, ५७० नॅनोमीटरला रीडिंग.

एकेकट्याचे आयसी-५० (निम्म्या पेशी मारणारी तीव्रता): करक्युमिन २२ मायक्रोमोलर, टोपोटेकन ६० नॅनोमोलर. दोन्ही एकत्र, एकाच डोसला, तीन प्लेट: सीआय (कॉम्बिनेशन इंडेक्स; १ पेक्षा कमी म्हणजे सिनर्जी, औषधं एकमेकांना मदत करतात, १ पेक्षा जास्त म्हणजे विरोध) ०.२१, ०.९ आणि १.४. कार्बोप्लॅटिनला तर ५० मायक्रोमोलरपर्यंत पेशी ढिम्म हलत नाहीत, करक्युमिन घाला नाहीतर नका घालू.

०.२१ ची प्लेट धरून बाकीच्या दोन 'टेक्निकल एरर' म्हणून सोडाव्यात असा सल्ला मिळालाय. मन होत नाही. कुठे चुकतंय?

गुलाबी_मीडियम

मन होत नाही ते बरंच आहे. तिन्ही प्लेट बाजूला ठेवा.

वाय७९ तळाला चिकटत नाहीत, द्राक्षाच्या घोसासारख्या तरंगतात. औषध लागलं की घोस फुटतात, आणि सुट्या, आकसलेल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये नीट खाली बसत नाहीत. मीडियम ओढताना त्या टिपमध्ये जातात आणि त्यांच्यातले जांभळे स्फटिकही जातात. कंट्रोलचे घोस जड, ते तळाशी राहतात. म्हणजे जिथे औषध जास्त तिथे गळती जास्त, आणि कॉम्बिनेशनच्या वेलमध्ये सगळ्यात जास्त. तुमच्या ०.२१ मधला बराचसा भाग सक्शनच्या बाटलीत पडला असेल. ज्याच्या हाताला ओढायची जितकी घाई, तितका सीआय कमी!

यावर उपाय म्हणजे काहीही ओढायचंच नाही. एकूण आकारमान १०० मायक्रोलिटर ठेवा. एमटीटी (५ मिग्रॅ प्रति मिलि) १० मायक्रोलिटर घाला, ४ तासांनी त्याच मीडियमवर १०० मायक्रोलिटर १०% एसडीएस (०.०१ नॉर्मल एचसीएलमध्ये केलेलं) ओता आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवा. सकाळी स्फटिक विरघळलेले असतात. फेस आला असेल तर सुईच्या टोकानं बुडबुडे फोडूनच रीडिंग घ्या, एका बुडबुड्यानं ०.२ चा फरक सहज पडतो.

दुसरी गोम उलट्या दिशेची आहे. करक्युमिन स्वतःच एमटीटीचं क्षपण करतं, त्याला पेशी लागत नाहीत. त्यामुळे मेलेली वेलसुद्धा थोडी जांभळी दिसते आणि एकट्या करक्युमिनचा आयसी-५० फुगून येतो. पेशी नसलेल्या वेलमध्ये मीडियम + करक्युमिन + एमटीटी लावून बघा. रंग आला तर प्रत्येक डोसचा वेगळा ब्लँक (पेशी नसलेल्या वेलचं रीडिंग) वजा करावा लागेल. सगळ्यांना एकच मीडियम ब्लँक चालणार नाही. परवडत असेल तर जिवंत पेशींतलं एटीपी प्रकाशावरून मोजणारा ल्युमिनेसन्स किट घ्या आणि एमटीटीच्या नादी लागू नका. निदान शेवटचं एक रिपीट तरी दुसऱ्या पद्धतीनं करा, अगदी ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना लागणारा निळा रंग) घालून हातानं मोजलंत तरी चालेल.

आता खुद्द करक्युमिन. सीरम नसलेल्या मीडियममध्ये, ३७ अंशांवर, साधारण ७.२ पीएचला अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९०% मोडून जातं. १०% सीरम असेल तर अल्ब्युमिन त्याला धरून ठेवतं, तरी आठ तासांत निम्मं गेलेलं असतं. म्हणजे तुमच्या '४८ तास करक्युमिन' मधले शेवटचे दीड दिवस पेशी मुख्यतः त्याच्या तुकड्यांबरोबर बसलेल्या असतात. हे गैर नाही, पण लिहिताना भान हवं.

याच अल्ब्युमिनमुळे आणखी एक फसगत होते. वाय७९ २०% सीरममध्ये आणि वेरी-आरबी-१ (याच आजाराच्या पेशींची दुसरी लाइन) १०% मध्ये वाढवायची पद्धत आहे. दोघींचे आयसी-५० शेजारी मांडून 'वाय७९ करक्युमिनला जास्त प्रतिरोधक' असं लिहिलंत तर कदाचित तुम्ही फक्त सीरमची टक्केवारी मोजलेली असेल. औषध देण्याच्या दिवशी दोन्ही एकाच टक्केवारीवर आणा.

बाकी भराभर सांगतो:

पेशी मोजण्याआधी घोस मोडा. १ मिलिच्या टिपनं १५-२० वेळा हळू वर-खाली, मग ४० मायक्रॉनची जाळी. ट्रिपॅन ब्लूला ९०% पेक्षा कमी जिवंत असतील तर त्या दिवशी प्लेट लावू नका. घोसाच्या आतल्या पेशींना औषध कमी पोचतं, आणि दोन वेलमध्ये घोसांचा आकार वेगळा असला की तुमचे ट्रिप्लिकेट तीन दिशांना जातात.

वाय७९ दुपटीला दोन दिवसांच्या आसपास घेतात. ४८ तासांत जेमतेम एक चक्र होतं. ७२ तास ठेवा, वेलमागे १०,००० पेशी.

कडेच्या ३६ वेल वापरू नका, त्यांत २०० मायक्रोलिटर पीबीएस (खारट बफर) भरा. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की इन्क्युबेटरमधलं पाण्याचं ताट आटलं तर तीन दिवसांत कडेची रांग चक्क उथळ दिसते.

हूडचा दिवा बंद, ट्यूबला फॉइल. करक्युमिन उजेडात मोडतं. काचेवर पाटीच लावा: 'दिवा लावू नये. करक्युमिन आहे. विचारल्यास पुन्हा हेच सांगितले जाईल.'

कार्बन_कॉपी

कार्बोप्लॅटिनचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: डीएमएसओ. प्लॅटिनमला सल्फर आवडतो. डीएमएसओमधला सल्फर जाऊन प्लॅटिनमला बसतो आणि औषध निकामी होतं. सिस्प्लॅटिनचंही तेच. पेशी ढिम्म राहणारच.

ताजं पाण्यात करा. रेणुभार ३७१.२५, म्हणजे १ मिलिला ३.७१ मिग्रॅ घातलं की १० मिलिमोलर. हलकं कोमट करून हलवलं की विरघळतं. त्याच दिवशी वापरा. करक्युमिनचा डीएमएसओ स्टॉक आणि कार्बोप्लॅटिन एकाच ट्यूबमध्ये एकत्र करू नका, दोन्ही वेगवेगळे पातळ करून वेलमध्येच भेटू द्या. शेवटी ०.१% डीएमएसओ राहिला तर तितका घोळ होत नाही.

आणि ५० मायक्रोमोलरला थांबू नका. कार्बोप्लॅटिन सिस्प्लॅटिनपेक्षा सावकाश उघडतं, त्याला डोस आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. १ ते ३०० मायक्रोमोलर, ७२ तास.

एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन (अँटिऑक्सिडंट) घालून 'आरओएस (ऑक्सिजनचे घातक रेणू) मुळेच पेशी मरतात' हे दाखवायचा मोह प्रत्येक प्रबंधात असतो. कार्बोप्लॅटिनच्या वेलमध्ये ते करू नका. त्यातला थायोल (सल्फरचा गट) प्लॅटिनमला थेट चिकटतो आणि करक्युमिनशीही जुळतो. पेशी वाचल्या तरी त्यातून आरओएसबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

हिशेबी

वरच्या दोघांनी वेल धुतली, मी आकडा धुतो.

एका डोसवर सीआय काढताच येत नाही. म्हणजे सॉफ्टवेअर काढून देतं, पण त्याला अर्थ नसतो. सीआय काढायच्या चौ-तलाले पद्धतीत (१९८४) आधी दोन्ही औषधांचे एकेकटे पूर्ण वक्र लागतात, मग ठरावीक प्रमाणातल्या मिश्रणाचा वक्र. तुमचे आकडे घेऊन:

प्रमाण आयसी-५० चंच ठेवायचं, २२ मायक्रोमोलरला ६० नॅनोमोलर. पाच पायऱ्या: ४४+१२०, २२+६०, ११+३०, ५.५+१५, २.७५+७.५. याच्या वर जाऊ नका, ८८ मायक्रोमोलर करक्युमिन मीडियममध्ये साका धरतं आणि मायक्रोस्कोपखाली पिवळ्या सुया दिसायला लागतात. त्या सुया पेशींना टोचून मारतात की रसायनानं, हे कोण ठरवणार?

आता ६० आतल्या वेल कशा वाटायच्या: तीन वक्र × पाच डोस × तीन = ४५. फक्त डीएमएसओ दिलेल्या पेशी ६. पेशी नसलेल्या, करक्युमिनच्या पाच डोसच्या ५. साधा मीडियम ब्लँक ४. बरोबर साठ.

डीएमएसओ सगळीकडे सारखा राहायला हवा. १० मिलिमोलर स्टॉकमधून ४४ मायक्रोमोलर द्यायचे तर डीएमएसओ ०.४४% होतो आणि खालच्या डोसला ०.०३%. हा उतारच तुमचा वक्र वाकवतो. म्हणून डीएमएसओमध्येच १००० पट स्टॉकची मालिका करा. वरची पायरी ४४ मिलिमोलर, म्हणजे १६.२ मिग्रॅ प्रति मिलि, आणि पुढे दर वेळी डीएमएसओनंच निम्मं. यातून मीडियममध्ये २५० पट पातळ केलं की ४ पट तीव्रतेचं, ०.४% डीएमएसओचं द्रावण मिळतं. वेलमध्ये ५० मायक्रोलिटर पेशी + २५ करक्युमिन + २५ टोपोटेकन = १००, सगळीकडे ०.१%. एकेकट्याच्या वेलमध्ये दुसऱ्या औषधाच्या जागी २५ मायक्रोलिटर त्याचं रिकामं माध्यम घालायला विसरू नका. ही २५ मायक्रोलिटरची चूक फार जणांची होते. करक्युमिनचं ४ पट द्रावण सीरम असलेल्या मीडियममध्येच आणि घालायच्या क्षणी करा. अर्धा तास बाकावर ठेवलंत तर वरची पायरी खाली बसते.

स्टॉक खरंच ४४ आहे का? '९५%' ही एकूण करक्युमिनॉइडची टक्केवारी असते. त्यात साधारण तीन चतुर्थांश करक्युमिन, बाकी डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी भाऊबंद. मिथेनॉलमध्ये ४००० पट पातळ करून ४२५ नॅनोमीटरला बघा. ०.६ च्या आसपास यायला हवं. ०.४ आलं तर स्टॉक विरघळला नाही किंवा मोडलाय. हा आकडा प्रबंधात लिहा, परीक्षक खूश होतो.

आता सीआय किती नाजूक असतो ते बघा. समजा मिश्रणात ५०% पेशी ८.८ मायक्रोमोलर + २४ नॅनोमोलरला मेल्या. ८.८/२२ + २४/६० = ०.४ + ०.४ = ०.८. सिनर्जी! पण @गुलाबी_मीडियम म्हणतात तसा एकट्या करक्युमिनचा आयसी-५० एमटीटीमुळे फुगलेला असेल आणि खरा ११ असेल, तर ८.८/११ + ०.४ = १.२. तीच प्लेट, तेच मिश्रण, आणि सिनर्जीचं विरोधात रूपांतर. म्हणून मिश्रणाच्या वक्रापेक्षा एकेकट्याच्या वक्रांवर जास्त रिपीट खर्च करा.

आणखी एक तपासणी, जी फार थोडे करतात: टोपोटेकनचंच टोपोटेकनशी 'कॉम्बिनेशन' लावा. दोन ट्यूब, दोन लेबलं, औषध एकच. सीआय १ च्या आसपास आलाच पाहिजे. ०.७ आला तर तुमच्या पद्धतीतच ०.३ ची फुकटची सिनर्जी आहे.

रिपीट म्हणजे वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी, निदान तीनदा. एका प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर ३ नव्हे.

खिंडीतली_पेशी

तिघांचे आभार. सेंट्रिफ्यूजनंतर ओढलेलं मीडियम आजच मायक्रोस्कोपखाली बघितलं, भरपूर पेशी आहेत त्यात. लाज वाटली.

दोन उपप्रश्न. करक्युमिन आधी द्यावं की एकदमच? आणि विभागातल्या एका गटाकडे नरक्या या घाटातल्या वनस्पतीचा अर्क आहे, करक्युमिनऐवजी तो टोपोटेकनबरोबर लावला तर नवीन काही मिळेल का?

कार्बन_कॉपी

क्रमाला फार महत्त्व आहे. टोपोटेकन टोपोआयसोमरेज-१ ला (डीएनएचा पीळ सोडवणारं विकर) डीएनएवर अडकवतं, पण पेशी त्यानं मरते ती डीएनएची नक्कल चालू असताना, म्हणजे एस टप्प्यात. करक्युमिननं आधीच चक्र रोखलं तर पेशी एस टप्प्यात शिरतच नाहीत आणि टोपोटेकन दारात उभं राहतं. २००२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर नेमकं हेच गाजलं होतं: करक्युमिननं कॅम्प्टोथेसिन, मेक्लोरेथामिन आणि डॉक्सोरुबिसिन यांनी होणारा पेशीमृत्यू दाबला. कॅम्प्टोथेसिन म्हणजे तुमच्या टोपोटेकनचं मूळ. तेव्हा वनस्पतीतलं म्हणजे केमोला मदतच करणार, हे गृहीत धरून बसू नका.

तीन मांडण्या लावा: एकदम, टोपोटेकन आधी २४ तास, मग करक्युमिन, आणि उलट. विरोध दिसला तर तोही निकालच आहे, लपवू नका.

टोपोटेकनचंही एक: ७.४ पीएचला त्याचं लॅक्टोन कडं उघडतं आणि उघडलेलं रूप कमी कामाचं. मीडियममध्ये पातळ केल्यापासून पेशींवर पडेपर्यंतचा वेळ प्रत्येक प्लेटला सारखा ठेवा. एकीला पाच मिनिटं आणि दुसरीला चहानंतर, असं नको.

हिशेबी

नरक्याबद्दल. नरक्यात मुळात कॅम्प्टोथेसिनच असतं, आणि टोपोटेकन त्याचंच पाण्यात विरघळणारं भावंड. दोघांचं लक्ष्य एकच. बहुतेक, मी वर सांगितलेला टोपोटेकन-टोपोटेकन प्रयोग तुम्ही महाग करून कराल. ब्लिस या सिनर्जी मोजायच्या दुसऱ्या पद्धतीनं हिशेब केलात तर खोटी सिनर्जीसुद्धा दिसेल, कारण ब्लिस दोन्ही औषधं स्वतंत्र रस्त्यानं मारतात असं धरतं. लावायचंच असेल तर आधी एचपीएलसीवर (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) अर्कातलं कॅम्प्टोथेसिन मोजा, आणि वनस्पतीची ओळख बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) पुण्यातल्या कार्यालयातून किंवा आघारकर संशोधन संस्थेतून पटवून घ्या. हर्बेरियम नमुन्याशिवाय (वाळवून जपलेली फांदी) अर्काचं काम कोणी वाचणार नाही. शिवाय घाटातला नरक्या आधीच बेसुमार तुटलाय, प्रोजेक्टसाठी आणखी फांद्या नकोत.

सुप्रिया_वाघोली

मी लॅबमधली नाही, तरी विचारते. नात्यातल्या दोन वर्षांच्या मुलाला याच आजारासाठी केमो सुरू झाली आहे. घरचे हळद-मिरीच्या कॅप्सूल फोडून दुधातून द्यायचं म्हणतायत, शिवाय कोणी सदाफुलीच्या पानांचा रस सुचवलाय. तुमची चर्चा वाचून द्यावं असं वाटतं का?

बालकर्क

नको, ताई. दोन्ही नको. कारण सांगतो, म्हणजे घरी बोलायला सोपं जाईल.

या आजारात सर्रास दिली जाणारी केमो म्हणजे व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन, साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. यातलं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतूनच येतं, इटोपोसाइड पोडोफायलम या वनस्पतीतल्या द्रव्यापासून बनवतात. म्हणजे बाळाला वनस्पतीतलं औषध मिळतंच आहे, शुद्ध आणि मोजून. तीन वर्षांखालच्या मुलाला व्हिन्क्रिस्टिन वजनावर, किलोला ०.०५ मिग्रॅ या हिशेबानं देतात. १० किलोच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम, तोही फक्त शिरेतून. सदाफुलीच्या पानात व्हिन्क्रिस्टिन इतकं कमी असतं की ग्रॅमभर काढायला टनांच्या हिशेबानं पाला लागतो. त्या रसात बाकीची कितीतरी अल्कलॉइड असतात, त्यांचा डोस कोणालाच सांगता येणार नाही.

मिरीचं जास्त गंभीर आहे. १९९८ साली माणसांवर दाखवलं गेलं की २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिग्रॅ पायपरिन दिलं तर रक्तातलं करक्युमिन वीस पटींनी वाढतं. कॅप्सूलवाले हीच गोष्ट जाहिरातीत सांगतात. पण पायपरिन औषधं मोडणारी यंत्रणा मंदावतं, आणि त्यात सीवायपी३ए४ हे विकर आहे. व्हिन्क्रिस्टिन याच विकराच्या कुटुंबाकडून मोडलं जातं, इटोपोसाइडचाही काही भाग. विकर मंदावलं की व्हिन्क्रिस्टिन शरीरात जास्त वेळ राहू शकतं आणि नसांना इजा करतं. काही बुरशीविरोधी औषधांबरोबर हे घडू नये म्हणून आम्ही नेहमी जपतो. दोन वर्षांचं मूल 'पायाला मुंग्या येतात' असं सांगणार नाही. ते जेवताना जबडा धरून रडेल, तीन-चार दिवस शी होणार नाही, पाऊल ओढत चालेल किंवा पापणी खाली येईल. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

यकृताचं वेगळंच. हळद-मिरीच्या कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमोच्या आदल्या दिवशी यकृताचे आकडे चढलेले आले तर डोस पुढे ढकलावा लागतो, आणि या गाठीच्या बाबतीत दिवस महाग असतात.

वरणा-भाजीतली चिमूटभर हळद खुशाल चालू द्या. प्रश्न अर्काच्या कॅप्सूलचा आणि काढ्यांचा आहे. एक-दोन डोस दिले गेले असतील तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लपवू नका, कोणी रागावलं तरी. डोळ्यात बाहेरून कुठलाही थेंब घालू नका. आणि त्या मुलाला सख्खी भावंडं असतील तर बाहुल्या पसरवून त्यांच्या डोळ्यांचीही तपासणी करून घ्या, आरबी१ जनुकातला दोष कुटुंबातून आलेला असू शकतो.

प्रयोगशाळेतल्या मंडळींना एवढंच: २२ मायक्रोमोलर हा तुमचा आयसी-५०. मोठ्या माणसांनी रोज ८ ग्रॅम करक्युमिन गिळलं तेव्हा रक्तातली कमाल पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर भरली. चर्चेच्या प्रकरणात हे दोन आकडे एकाच ओळीत लिहा. डोळ्यात थेट देता येईल असं म्हणायचं असेल, तर मेल्फलान या केमोच्या औषधासारखं काचद्रवात सुई टाकून द्यावं लागेल, आणि रेटिनोब्लास्टोमाच्या डोळ्यात सुई टाकणं म्हणजे गाठीच्या पेशी बाहेर सांडायचा धोका. मेल्फलानसुद्धा २० ते ३० मायक्रोग्रॅम इतकंच आणि फार जपून देतात. तेव्हा गाठीच्या पेशींबरोबर दृष्टिपटलाच्या निरोगी पेशींवर तुमचं मिश्रण काय करतं, हा वक्र हवाच.

गुलाबी_मीडियम

निरोगी पेशींसाठी एआरपीई-१९ सगळे लावतात. लावा, पण त्या दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्य थराच्या आहेत आणि तळाला चिकटतात, घोस करत नाहीत. गाठ उगवते ती शंकुपेशींच्या पूर्वजांपासून. शक्य असेल तर एमआयओ-एम१ ही म्युलर पेशींची (दृष्टिपटलातल्या आधार देणाऱ्या पेशी) लाइनही जोडा, आणि तिघींना सीरम सारखंच.

आणि अ‍ॅनेक्सिन (मरणाऱ्या पेशी ओळखायची चाचणी) करणार असाल तर एफआयटीसी या हिरव्या लेबलचं घेऊ नका. करक्युमिन स्वतः हिरवं चमकतं, नेमकं त्याच चॅनेलमध्ये, त्यामुळे फ्लो सायटोमीटरला करक्युमिन प्यायलेली प्रत्येक पेशी मरणपंथाला लागलेली दिसते. एपीसी हे लाल लेबल घ्या, आणि काहीही न रंगवलेल्या, फक्त करक्युमिन दिलेल्या पेशींची एक ट्यूब प्रत्येक डोसला चालवा.

खिंडीतली_पेशी

@सुप्रिया_वाघोली, बाळाला लवकर बरं वाटू दे. @बालकर्क, ते दोन आकडे एका ओळीत लिहिले.

पेशी घोस मोडून, जाळीतून काढून, वेलमागे १०,००० लावल्या. जिवंत ९४%. कार्बोप्लॅटिन पाण्यात. टोपोटेकन-टोपोटेकनची प्लेटही त्याच ट्रेमध्ये आहे. रीडिंग शुक्रवारी.